सोंग उतरल्यावर

पुष्पलता मॅडमची फिल्म मी तीन वेळा पाहिली आहे. एवढं साधं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली, कारण याच्या नेमकं उलट वाक्य मी सहीनिशी लिहून दिलेलं आहे. तो कागद अजूनही कुठल्यातरी कपाटात, फायलीला लावलेला असेल.

आमची शाळा पोशेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगावरच्या एका पाड्यात. दोन खोल्या, चौथीपर्यंतचे वर्ग, पट एकतीस आणि शिक्षक दोन. एक मॅडम, दुसरा मी. मी सिन्नरकडचा, नोकरीमुळे इकडे आलेला. मॅडम मात्र इथल्याच. शाळेमागचा ओढा ओलांडला की त्यांच्या वडिलांचं घर. आश्रमशाळेत शिकून, डी.एड. करून त्या नोकरीला लागल्या तेव्हा पाड्यातल्या पहिल्या सरकारी नोकर ठरल्या. नवरा हरेश जव्हारला एका कचेरीत लिपिक. दोघं मोखाड्याला भाड्याच्या घरात राहत, सोबत सहावीतली मुलगी हर्षदा. मॅडम रोज स्कुटीवरून शाळेत येत आणि येताना डब्यात वडिलांसाठी एक चपाती जास्त असे.

लॉकडाऊनमध्ये पोरांसाठी व्हिडिओ करता करता त्या मोबाईलवर शूटिंग शिकल्या. आधी पाढे, मग कविता, मग पानांचे आकार. हळूहळू त्यांना त्याचा नादच लागला. कुठला तुकडा कुठं जोडायचा, कुठं आवाज बंद करायचा, हे त्या मधल्या सुट्टीत मला दाखवायच्या. मला त्यातलं फारसं कळत नसे. पण त्यांचा चेहरा बघायला बरं वाटे.

त्यांच्या वडिलांकडे, देवरामबाबांकडे, बोहाड्यात देवीचं सोंग नाचवण्याचा मान होता. होळीनंतर इकडे गावोगाव बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून टेंभ्यांच्या उजेडात लोक नाचतात. त्या मुखवट्याला सोंग म्हणतात आणि तो चढवणाऱ्यालाही सोंगच म्हणतात. देवरामबाबांच्या घरात देवीचं सोंग त्यांच्या आज्यापासून. बाकी वर्षभर ते माळ्यावर फडक्यात गुंडाळलेलं असतं. मॅडमनी एका वर्षी ते माळ्यावरून खाली काढण्यापासून सगळं टिपलं. बाबा ओल्या फडक्यानं त्याचा चेहरा पुसतात, उडालेला रंग भरतात, कपाळावरचं कुंकू हात थरथरू नये म्हणून श्वास रोखून रेखतात. मग नाच. बुध्या नावाचा त्यांचा जुना सोबती पुढे संबळ वाजवतो आणि डोळे मिटून मान हलवतो. मग सकाळ. बाबा बांधावर येऊन बसतात, सोंग मांडीवर घेतात. लेकीनं दिलेल्या चहाची बशी आधी देवीच्या मुखवट्यापुढे धरतात, मग स्वतः पितात. आतला घाम पुसतात, विडी पेटवतात आणि देवीशी बोलतात. तिथं फिल्म संपते. बावीस मिनिटं.

जव्हारच्या काही तरुणांनी एक वाचनालय चालवायला घेतलं होतं. त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात ही फिल्म पडद्यावर दाखवायचं ठरलं. त्यांनी जाहिरातीसाठी फिल्मचा शेवटचं एक मिनिट सगळीकडे पाठवलं. त्या एका मिनिटातून कुणीतरी अकरा सेकंदं कापून वेगळी काढली.

जानेवारीतला सोमवार होता. पोरं व्हरांड्यात खिचडी खात होती. मॅडमचा फोन वाजला.

"पुष्पलता मॅडमच ना? झेडपीच्या?"

"हो. आपण कोण?"

"देवीच्या तोंडाशी विडी नेताना लाज नाही वाटली?"

"कोण बोलतंय?"

"मोबाईल बघा. बघा आणि तयारीत राहा."

फोन कट झाला. त्यांनी मोबाईल उघडला. अकरा सेकंदांचा तुकडा आला होता. मांडीवर देवीचं सोंग, बाबांच्या हातात पेटती विडी, वाऱ्यानं धूर सोंगाच्या चेहऱ्यावरून जातो. खाली लिहिलेलं, 'सरकारी शिक्षिकेने केली देवीची विटंबना, पगार आपला, अपमान आपल्या देवीचा, जास्तीत जास्त शेअर करा.' चहाची बशी कापलेली. नाच कापलेला. तीन वाजेपर्यंत तो तुकडा मला पाच ग्रुपवर आला. त्यातला एक आमच्या सिन्नरकडच्या गावाचा होता. तिथं माझ्या चुलत्यानं त्याखाली लिहिलं होतं, 'असल्या लोकांना चौकात उभं केलं पाहिजे.' त्याला माहीत नव्हतं की मी त्याच शाळेत आहे. मी ते कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात पांढरी गाडी येऊन उभी राहिली. चौघे उतरले. सगळ्यात पुढे विनोद. तो शेजारच्या पाड्यातला, मॅडमच्याच आश्रमशाळेत दोन वर्षं मागे. संबळ वाजवणाऱ्या बुध्याचा मुलगा. बुध्या शूटिंगनंतरच्या पावसाळ्यात वारला होता. विनोद आता एका संघटनेचं तालुक्याचं काम बघत होता, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन.

"ताई, घाबरू नका," तो हात जोडून म्हणाला. "मी आहे."

तो हे म्हणत असतानाच त्याच्यासोबतचा एक जण दुसरीच्या वर्गाच्या खिडकीशी गेला. गजांना धरून त्यानं पोरांना गोड आवाजात विचारलं, "बाई तुम्हाला देवाच्या गोष्टी सांगतात का रे? काय काय सांगतात?"

 मग तानी नावाची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई गानी शिकवतात."

"कुठली गाणी? नाव काय तुझं?"

तिनं नाव सांगितलं. त्यानं खिशातून छोटी वही काढली आणि तिचं नाव लिहून घेतलं. पूर्ण नाव, बापाचं नाव, पाड्याचं नाव. मी वर्गातच, चार पावलांवर उभा होतो. शाळेत परका माणूस आलाय, मुलांची नावं लिहून घेतोय, त्याला हटकणं माझं काम होतं.  मी फळा पुसायला लागलो. तो आधीच कोरा होता.

बाहेर विनोद सांगत होता, "कार्यक्रम रद्द करा. फिल्म काढून टाका. माफीचा एक व्हिडिओ करा, विषय संपला. मी आहे म्हणून एवढ्यावर थांबलंय ताई. माझ्या हातातून गेलं तर मी जबाबदार नाही."

"विनोद," मॅडम म्हणाल्या, "तू लहानपणापासून बोहाड्याला येतोस. सोंग उतरल्यावर बाबा काय करतात, हे तू पाहिलेलं नाहीस?"

त्यानं क्षणभर खाली बघितलं. "पाहिलंय. पण पाहणं वेगळं आणि दाखवणं वेगळं."

त्या दिवसापासून मॅडमचा रस्ता बदलला. त्या मोखाड्याहून एकट्या निघेनात. हरेशभाऊ सकाळी त्यांना शाळेत सोडून मग जव्हारची एसटी पकडायचे, रोज उशीर, रोज कचेरीत बोलणी. घराच्या दारावरची दोघांच्या नावाची पाटी त्यांनी काढून ठेवली. एकदा हर्षदा शाळेतून येताना दुकानात पेन घ्यायला थांबली, तर तिथल्या बाकावरचा एक माणूस म्हणाला, "काय हर्षदा, आई बरी आहे ना?" एवढंच. तिनं घरी येऊन सांगितलं की एका काकांनी विचारपूस केली. मॅडमनी दोन दिवस तिला घरात ठेवलं. माणूस कोण होता ते कधीच कळलं नाही. कदाचित खरंच ओळखीचा असेल. पण तेव्हा त्या ओळखीच्या माणसाचीच जास्त भीती वाटायला लागली होती.

आठवड्यानं कारणे दाखवा नोटीस आली. 'शासकीय सेवेत असताना पूर्वपरवानगीशिवाय चित्रफीत निर्माण करून धार्मिक भावना दुखावल्याबाबत.' आम्हा दोघांनाही गटशिक्षणाधिकाऱ्यांचं बोलावणं. साहेब वाईट नव्हते. चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, मला व्यक्तिशः काही नाही. पण मलाही वर उत्तर द्यायचंय." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही सहशिक्षक. फिल्म शाळेच्या वेळेत झाली का? तुम्ही पाहिली का?"

मॅडम शेजारच्याच खुर्चीवर होत्या. मी तीनदा पाहिली होती. एकदा तर शेवटाला माझे डोळे भरून आले होते आणि मॅडमनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

"नाही साहेब," मी म्हणालो.

"मग लिहून द्या तसं."

मी लिहिलं, 'सदर चित्रफीत मी पाहिलेली नाही व तिच्याशी माझा कोणताही संबंध नाही.' कागद पुढे सरकवताना तो मॅडमच्या समोरून गेला. त्यांनी वाचला. म्हणाल्या, "तारीख चुकलीय सर. आज सतरा."

मी सोळाचे सतरा केले.

त्यानंतर पोलीस ठाण्यातून फोन आला. हरेशभाऊंना रजा मिळेना, म्हणून मॅडमनी मला सोबत येता का विचारलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. बाहेरच्या बाकावर तासभर बसवलं. निवृत्तीला आलेला एक हवालदार होता, त्यानं आम्हाला पाणी दिलं आणि गप्पाच मारायला लागला.

"मी नवा होतो तेव्हा खोडाळ्याच्या बाजारात तंबूचा सिनेमा यायचा," तो म्हणाला. "पडद्यावर आधी सर्टिफिकेट यायचं, ते बघायची आमची ड्यूटी. त्यात लिहिलेल्यापेक्षा रीळ लांब भरलं की मधे काहीतरी घुसवलंय असं धरायचं. रीळ जप्त. एकदा देवाचा सिनेमा लागला होता. त्यात देवाचं काम करणारा नट खऱ्यात दारू पितो, अशी बातमी कुठल्याशा पेपरात आली. लोकांनी तंबूच्या दोऱ्या कापल्या. आत बाया-पोरं होती. कापड अंगावर पडलं सगळ्यांच्या." त्यानं आमचे रिकामे पेले उचलले. "सिनेमात काही नव्हतं हो मॅडम. आम्ही दोनदा बघितला होता."

"मग दोऱ्या कापणाऱ्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"तंबूवाल्याचं लायसन गेलं," तो म्हणाला.

आत ठाण्याच्या साहेबांनी फिल्म मोबाईलवर पुढे ढकलत ढकलत पाहिली. "सेन्सॉरचं सर्टिफिकेट आहे का?"

"सर, मोबाईलवर केलेली आहे. घरचीच."

"घरची आहे तर घरात बघा. लोक जमवून पडद्यावर दाखवायची तर सर्टिफिकेट लागतं. आणि ते आणलंत तरी वातावरण तापलेलं असताना मी परवानगी देणार नाही." त्यांनी शेवटचा भाग पुन्हा लावला. बाबा देवीशी बोलत होते, पाड्यावरच्या बोलीत. साहेबांना एक शब्द कळेना. "हे काय बोलतोय हा? शिव्या नाहीत कशावरून?"

"माझे वडील आहेत ते सर."

"असतील. सगळं मराठीत लिहून आणा. शब्दन् शब्द. दोन प्रती."

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं, म्हणून मी लिहिणार. मॅडमनी मोबाईल लावला. बाबा म्हणत होते, "दमलीस का बाय? बस जरा. चा घे. इतका येळ तू व्हतीस, आता मी हाय."

"काय लिहू?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "लिहा. सोंगधारक इसम मुखवट्यास उद्देशून विचारतो की, आपण थकलात काय. तसेच आपण चहा घ्यावा अशी विनंती करतो."

मी लिहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मॅडमना हसू आलं. त्या खूप हसल्या, ओढणी तोंडावर दाबून हसल्या. ओढणी काढली तेव्हा चेहरा ओला होता. मग म्हणाल्या, "पुढचं वाक्य घ्या."

देवरामबाबा त्या वेळी दारात येऊन बसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण ते चिडलेले दिसत नव्हते. "माझं बोलनं आदीबी कापलंय," ते म्हणाले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा सरकारी खात्याची गाडी बोहाड्याचं शूटिंग करायला आली होती. त्यांनी बाबांना कॅमेऱ्यासमोर उभं करून बोलायला सांगितलं. बाबा म्हणाले, उन्हाळ्यात सोंग धुवायलाही पाणी नसतं, सूर्यमाळच्या बाया झऱ्यावर हंडा भरायची वाट बघत बसून राहतात, त्याचं आधी बघा. पुढे ती फिल्म तालुक्याला दाखवली, तेव्हा बाबा मुद्दाम चालत गेले होते. "पडद्यावर माझं त्वांड हलतंय आन आवाज येतो पिपानीचा. निस्ती पिपानी." ते सांगून ते हसले. "तवा मला काय भ्या नाय वाटलं. आता वाटतं. तवा निस्तं पुसलं व्हतं. आता घर इचारत येतात."

वाचनालयाच्या पोरांनी कार्यक्रम रद्द केला. त्यांनाही फोन गेले होते. पण तेवढ्यानं भागलं नाही. मॅडमनी आपल्या व्हिडिओंच्या चॅनेलवर टाकलेल्या फिल्ममधून ती अकरा सेकंदं काढून टाकली. मग निरोप आला की चहाची बशीही काढा, उष्टी बशी देवीपुढे धरली आहे. तीही काढली. मग कुणीतरी म्हणालं, सोंगाचं तोंड धुताना बाबांच्या पायात चप्पल दिसते. तेही काढलं. बावीस मिनिटांची अठरा झाली. मग विनोदचा फोन आला की वरचे लोक म्हणतात, आता काढत बसू नका, सगळीच काढा. आणि नाही तर पाड्याला विचारू.

म्हणून एका रविवारी दुपारी गावदेवीच्या देवळापुढे पाडा बसला. बोहाड्याचा कारभार जिवाबाबांकडे. सत्तरीचे, कमी बोलणारे. विनोदसोबत आठ-दहा जण गाड्यांवर आले होते आणि ते बसले नाहीत, लोकांच्या पाठीमागे उभे राहिले. त्यामुळे बसलेल्या प्रत्येकाला पाठीमागे कोण उभं आहे हे दिसत नव्हतं, फक्त जाणवत होतं.

विनोदनं सांगितलं. ठाण्यात बोहाड्याची नोंद वादग्रस्त अशी होऊ शकते. तशी झाली तर परवानगी मिळणार नाही. लाऊडस्पीकरची नाही, कशाचीच नाही. गावानं एकदा म्हणावं की आमच्या देवीचा अपमान झाला, म्हणजे प्रश्न फक्त फिल्मपुरता राहील.

जिवाबाबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम उभ्या राहिल्या. 

"तुम्ही म्हणाल ते करीन," त्या म्हणाल्या. "पण आधी सगळी बघा. पहिली, न कापलेली. इथं बसलेल्यांपैकी कुणीच ती पाहिलेली नाही. त्यांनीसुद्धा नाही."

लॅपटॉप आणला. उन्हात पडद्यावर काही दिसेना. मग कुणीतरी घोंगडी आणली, दोघांनी ती दोन टोकांना धरली आणि खाली डोकी घालून लोक बसले. एका वेळी दहा-बाराच मावत. तीन पाळ्या झाल्या. घोंगडीखालून संबळाचा बारीक आवाज येई आणि बाहेर उभे असलेले त्या तालावर नकळत पाय हलवत. रुपीआजी बाहेर आली तेव्हा तिनं केस सारखे केले आणि म्हणाली, "चांगली नाचली देवी. परत लाव."

तिसऱ्या पाळीला विनोद घोंगडीखाली गेला. त्यानं अकरा सेकंदांपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. आत त्याचा बाप होता. डोळे मिटून मान हलवत संबळ वाजवणारा बुध्या, मरायच्या तीन महिने आधीचा. फिल्म संपल्यावर सगळे बाहेर आले, विनोद आला नाही. घोंगडी धरणारे हात दुखायला लागले तरी कुणी ती खाली सोडली नाही. शेवटी तो बाहेर आला, कपाळाचा घाम पुसत. त्याचे दोन्ही फोन आळीपाळीनं वाजत होते.

जिवाबाबांनी विचारलं, "कोनाला वाईट वाटलं का?"

कुणी हललं नाही.

"मंग?"

 मग देवरामबाबांचा पुतण्या मुकेश बोलला. तो भिवंडीकडे कामाला जाणारा. "वाईट कोनाला वाटलंय? भ्या वाटतं. आमी तिकडं चाळीत राहतो, रोज साइटवर जातो. हे लोक तिथपन पोचतात. उधर हमारा कौन है?"

मग सगळेच हळूहळू बोलायला लागले. एकाला रेशनची काळजी, एकाला पोराच्या वसतिगृहाची. कुणीही देवीचं नाव घेतलं नाही. मी त्या दिवशी जे पाहिलं ते मला अजून सोडत नाही. इतकी माणसं होती आणि एकाचंही मन दुखावलं नव्हतं. तरी सगळ्यांनी मिळून ठरवलं की मन दुखावलं आहे असं लिहून द्यायचं. जिवाबाबांनी अंगठा उठवला तेव्हा ते मॅडमकडे बघत नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. पण बाबांचा मान काढायचा नाही."

"मान हाय तिथंच ऱ्हाईल," जिवाबाबा म्हणाले.

विनोद त्यांच्याजवळ आला. आवाज इतका खाली की मला ओठांवरून कळलं. "ताई, बाचा तेवढा तुकडा मला पाठवाल? पुसायच्या आधी."

   मॅडमनी तो तुकडा शोधला, कापला, त्याला पाठवला. मग चॅनेलवरून फिल्म काढली. फोनमधून, लॅपटॉपमधून, पेन ड्राइव्हमधून. विनोदच्या एका माणसानं हे सगळं आपल्या मोबाईलवर शूट केलं. मग माफीचा व्हिडिओ. देवळाच्या पायरीवर उभं राहून, हात जोडून. पहिल्या वेळी वारा आला. दुसऱ्या वेळी मागून गाय गेली. "पुन्हा घ्या मॅडम, आवाज नीट नाही आला." तिसऱ्यांदा नीट आला. ती फिल्म सगळी मिळून दोनशे लोकांनीही पाहिली नसेल. हा व्हिडिओ दोन दिवसांत हजारोंनी पाहिला.

त्या वर्षी बोहाडा झाला. परवानगी मिळाली. देवळापाशी फलक लागला होता, मोबाईल शूटिंगला सक्त मनाई. दोन पोलीस खुर्च्या टाकून बसले होते. देवरामबाबा नाचले. पण सकाळी ते बांधावर आले नाहीत. सोंग फडक्यात झाकून सरळ घरात गेले आणि दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून मान मुकेशला दिला. मी विचारलं तर म्हणाले, "नाचताना मागं कोन बघतंय, असं वाटतं. मंग देवी अंगात कशी यायची? ती भेलेल्या मान्साकडं येत नाय."

मॅडमच्या नोटिशीचा निकाल सौम्य लागला. सक्त समज, सेवापुस्तकात नोंद. जूनमध्ये बदली, सूर्यमाळच्या बाजूला, रोजचं जाणं-येणं जमणार नाही इतक्या लांब. हरेशभाऊ आणि हर्षदा मोखाड्यातच राहिले, मॅडम आठवड्याला घरी येतात. धमकीचा फोन मार्चनंतर एकही आला नाही. पण अनोळखी नंबर दिसला की त्या अजूनही फोन उलटा ठेवतात. नव्या शाळेत स्नेहसंमेलन झालं तेव्हा पालकांनी फोटो काढायला सांगितले, तर त्यांनी मोबाईल दुसऱ्या शिक्षिकेच्या हातात दिला.

गेल्या महिन्यात खोडाळ्याला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय होता, मोबाईलच्या साहाय्यानं शैक्षणिक व्हिडिओ निर्मिती. प्रशिक्षण देणारा साधनव्यक्ती उत्साहानं सांगत होता की प्रत्येकानं दोन मिनिटांचा व्हिडिओ करून दाखवायचा. सगळे अंगणात पसरले, झाडं, फळे, एकमेकांना शूट करायला लागले. मॅडम वर्गातच बसून राहिल्या. मी त्यांच्याजवळ गेलो.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाजारातल्या एका हॉटेलात चहा घेतला. तिथं मी त्यांची माफी मागितली. त्या सहीबद्दल आणि खिडकीपाशी फळा पुसल्याबद्दल.

"तुम्ही खरं लिहिलं असतं तर दोघांची बदली झाली असती," त्या म्हणाल्या. "शाळेला कुलूप लागलं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मग त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला आठवते का ती? नीट?"

"आठवते."

"मला क्रम आठवत नाही आता. सोंग माळ्यावरून काढलं, त्याच्यानंतर काय होतं?"

मी सांगायला लागलो. फडकं सोडताना गाठ सुटत नाही, बाबा दातानं सोडतात. मग आतून एक झुरळ निघतं आणि बाबा त्याला मारत नाहीत, हळूच बाहेर टाकतात. मॅडम पुढे झुकून ऐकत होत्या. त्यांनी डोळे मिटले होते आणि बोटानं टेबलावर कुठं काय जोडलं होतं ते आखत होत्या. "हां," त्या म्हणाल्या, "मग त्याच्यावरच रंगाच्या वाटीचा आवाज सुरू होतो."

तेवढ्यात दोन माणसं येऊन आमच्या शेजारच्या बाकावर बसली. एकाच्या हातात फोन होता. मॅडमनी डोळे उघडले, सरळ बसल्या आणि जरा मोठ्यानं म्हणाल्या, "तर सर, पटनोंदणीचं काय करायचं यंदा?"

मी म्हणालो, "सर्वेक्षण जूनमध्येच उरकून घेऊ."

त्या माणसांनी चहा मागवला. त्यांचं आमच्याकडे लक्षही नव्हतं, ते त्र्यंबकच्या गाडीबद्दल बोलत होते. त्यांनी चहा संपवला, उठले, गेले. आम्ही दोघं पटनोंदणीबद्दलच बोलत राहिलो.